घर्षण नगण्य मानावे

इथे शिक्षकाला नुसतं 'मास' म्हणतात.
"मास, शून्य कुठून धरायचं?"
दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि दरवर्षी मी सांगते:
कुठूनही. नदीपासून धर, बाकापासून धर,
फक्त एकदा धरलंस की गणित संपेपर्यंत सोडू नकोस.

नेस्तानने वहीत डोंगर काढला.
डोंगराला तार, तारेला पाळणा,
पाळण्यात चौकोनी खांद्यांचा एक माणूस.
खाली लिहिलं: वडील, ओतिया.
बूट, दिवा, जेवणाचा डबा धरून ऐंशी किलो.
शून्य: नदीवरचा पूल.
मग ऐंशी गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले दीडशे.
एक लाख सतरा हजार सहाशे ज्यूल.

वर्गाला आकडा भारी वाटला,
मुलांना ज्यूल नेहमी पैशांसारखे वाटतात.
मी खिशातला अक्रोड टेबलाच्या कडेवर फोडला.
म्हटलं, साधारण एवढंच.
एका अक्रोडाच्या गरात
एक माणूस, नदीपासून पठारापर्यंत.
मागून झुराब म्हणाला, मग रोपवेला वीज कशाला,
झुझुनामावशीला रोज पिशवीभर अक्रोड द्या.
सगळे हसले.
नेस्तान नाही. ती अजून उतरत होती.

कारण पठारावर पोचून माणूस तिथे थांबत नाही.
पिंजऱ्यात शिरतो, आणि खाणीची विहीर त्याला
दीडशे मीटर खाली नेते, मॅंगनीजच्या काळ्या थरापर्यंत.
म्हणजे पुन्हा नदीच्याच पातळीला,
फक्त डोंगराच्या पोटात.
अधिक एक लाख सतरा हजार सहाशे.
उणे एक लाख सतरा हजार सहाशे.
उत्तराला तिने चौकट केली: शून्य.
आणि समासात, पेन्सिलीने, इतकं बारीक
की मला चष्मा पुसावा लागला:
'मग ते बूट न काढताच का झोपतात?'

एकतीस वर्षं मी शिकवतेय
की गुरुत्व वाट विचारत नाही, फक्त उंची विचारतं.
सरळ चढा, वळसे घेत चढा, हिशेब तोच.
चढताना घेतलेलं उतरताना पैन्‌पै परत.
इतका चोख व्यवहार या खोऱ्यात दुसऱ्या कुणाचा नाही.
आणि प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी छापलेलं असतं:
घर्षण नगण्य मानावे.
छापणाऱ्याने मानलं.
ओतियाच्या गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी राहते वर, पठारावर. शाळा खाली.
संध्याकाळी मी चढते तेव्हा पहिली पाळी उतरत असते,
एकाच तारेची दोन टोकं.
त्यांचं वजन खाली येतं
म्हणून मोटारीला मला ओढायला कमी कष्ट पडतात.
हेही मी शिकवलंय. परीक्षेत दोन गुणांना येतं.

त्या संध्याकाळी वीज गेली
आणि दोन्ही पाळणे मधोमध थांबले, समोरासमोर.
पंचाहत्तर मीटर. मी बासष्ट किलो.
सवयीने करून टाकलं:
पंचेचाळीस हजार पाचशे सत्तर.
अर्ध्या अक्रोडालाही कमी.
खालून झुझुना ओरडत होती, घाबरू नका,
आणि तिच्याच आवाजाची मला जास्त भीती वाटत होती.

समोरच्या काचेला डोकं टेकून ओतिया झोपला होता.
तोंड उघडं. पापण्यांवर काळी बारीक पूड.
त्याची उंची तीच, माझीही तीच.
वारा आला की दोघंही
एकाच लयीत थोडे हलायचो.
मनात आलं, आज शून्य इथेच धरावं.
नदी उणे, पठार अधिक,
आणि आम्ही दोघं कशातच नाही.

वीस मिनिटं.

मग तार कण्हली. तो खाली गेला,
मी वर गेले. ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने.

नेस्तानची वही अजून माझ्याकडे आहे.
उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर, एकक लिहिलंय.
लाल पेन समासाशी येतं
आणि तिथेच घासत राहतं.